आधी कागद मोजा, मग प्रिंटर घ्या: छोट्या ऑफिससाठी ऑल-इन-वन इंकजेट कसा निवडायचा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं छोटंसं ऑफिस आहे. टायपिंग, कचेरीचे अर्ज, जीएसटीची रिटर्नं, शेतकऱ्यांचे उतारे, अफिडेव्हिटं, सगळं एका टेबलावर चालतंय. सहा वर्षांत तीन प्रिंटर झाले. पहिले दोन चुकीचे घेतले आणि दोन्ही वेळा चूक एकच, दुकानात जाऊन प्रिंटर बघत बसले, पण आपल्या टेबलावर कागद कुठला येतोय ते बघितलंच नाही. तिसरा घेताना उलट केलं आणि तो अजून चालतोय. नवीन ऑफिस काढणारे बरेच जण येऊन "ताई, कुठला घेऊ?" म्हणून विचारतात, प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखतंय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

१. एक आठवडा वही ठेवा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम, पण हे टाळलंत तर पुढचं वाचून काही उपयोग नाही. शंभर पानी वही घ्या, रकाने पाडा: कागदाचा साईज, काळं की रंगीत, प्रिंट की झेरॉक्स की स्कॅन, एक बाजू की दोन्ही. सहा दिवस प्रत्येक कागदाला एक रेघ मारायची. ऑफिस अजून सुरूच झालं नसेल तर ओळखीच्या कुणाच्या तरी ऑफिसात दोन दिवस बसून मोजा.

माझ्या वहीत काय निघालं सांगते. मला वाटत होतं रंगीत प्रिंटला लोक येतील, म्हणून पहिला प्रिंटर फोटो चांगले येतात म्हणून घेतलेला. वही भरल्यावर बघते तर दिवसाला ७०-८० पानं आणि त्यात रंगीत चार-पाच. पण ज्याचा विचारच केला नव्हता ती लीगल साईजची (ए-४ पेक्षा लांब) पानं रोज दहा-बारा, आणि स्कॅन तर प्रिंटच्या बरोबरीनं, कारण आता प्रत्येक अर्ज ऑनलाईन चढवायचा असतोय.

तुमचं वेगळं निघेल. निपाणीला माझा मावसभाऊ तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं हिशेबाला आहे, त्यांच्याकडं बिलं आणि लेजर सोडून काहीच नाही, सगळं काळं. त्यांना रंगीत प्रिंटर लागतच नाही, फक्त काळ्या शाईचे टँकवाले (शाईची टाकी असलेले) पण मिळतात. बेळगावच्या उद्यमबागेत एका ओळखीच्यांचं छोटं वर्कशॉप आहे, त्यांना ड्रॉइंग काढायला ए-३ पाहिजे, आणि प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन तिन्ही करणारे, ज्यांना आपण ऑल-इन-वन म्हणतो, ते बहुतेक ए-४ आणि लीगलपर्यंतच छापतात. ए-३ चं मशीन बरंच महाग पडतंय, महिन्याला पाच-सहा ड्रॉइंग असतील तर बाहेरून काढून घ्यावीत.

२. कार्ट्रिज, टँक की लेझर

कार्ट्रिजवाला प्रिंटर (शाईची बंद डबी बदलायची असते तो) दिसायला स्वस्त असतोय, तिथंच माणूस फसतोय, मी पण फसले. काही छोट्या कार्ट्रिजमध्ये १००-१२० पानंच निघतात. हिशेब करून बघा: समजा कार्ट्रिज ७०० रुपयांची आणि पानं १२०, म्हणजे पानाला पावणेसहा रुपये नुसत्या शाईचे. झेरॉक्सवाला दोन रुपयाला पान देतोय आणि आपण सहा रुपयाला काढतोय!

टँकवाल्यात शाई बाटलीनं ओतायची असते. एप्सनच्या ००३ नंबरच्या काळ्या बाटलीत ६५ मिली शाई, कंपनी ४५०० पानं सांगते. कॅननच्या जीआय ७९० ची काळी बाटली १३५ मिली, ६००० पानं. समजा बाटली ६०० रुपयांची आणि पानं ६०००, तर पानाला १० पैसे. आता कागदाचं बघा. ५०० पानांची रीम समजा ३०० ला मिळाली, तर कोरं पानच ६० पैशाला पडलं. म्हणजे टँकच्या प्रिंटरवर शाईपेक्षा कागद महाग. ही गोष्ट डोक्यात शिरली की बाकीचे निर्णय सोपे होतात, मी पाचव्या पायरीत परत येते ह्याच्यावर.

एक लक्षात ठेवा, कंपनीचे आकडे ठरलेल्या नमुन्याच्या पानावर मोजलेले असतात. आपल्या अर्जात ठळक हेडिंग, फोटो, शिक्का, काळ्या चौकटी असल्या की पानं कमी भरतात. आणि पहिल्या बाटलीतली बरीचशी शाई प्रिंटरच्या आतल्या नळ्या भरायलाच जाते, तेव्हा पहिली बाटली लवकर संपली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

लेझर का नको? अक्षर लेझरचं झकास असतंय, पाण्यानं पसरत नाही, महिनाभर बंद ठेवला तरी काही होत नाही. नुसतं काळंच आणि भरपूर छापायचं असेल तर लेझरच घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण लेझर गरम होताना शेकडो वॅट ओढतोय, कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावला की यूपीएस किंचाळायला लागतोय. इंकजेट छापताना १५-२० वॅटच्या आसपास घेतोय. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट गेली की कधी येईल काय सांगता येत नाही आणि समोर माणूस बसलेला असतोय ज्याला तीनची बस पकडायची आहे. अशा वेळी इन्व्हर्टरवर चारदोन पानं निघाली पाहिजेत. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

३. काळ्या शाईवर पाण्याचा थेंब टाकून बघा

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दोन पावसाळ्यांमागं जांबोटीकडचे एक काका पिकाच्या नुकसानीचा अर्ज करून घेऊन गेले. बाहेर धो धो पाऊस. मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला, पण काकांनी काय केलं, कागद काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि पिशवी डोक्यावर धरली. अर्ध्या तासानं परत आले आणि घडी उघडून टेबलावर पसरली. कन्नडमधला अर्ज, आणि नाव-सर्व्हे नंबर होता तिथं नुसता निळसर ढग. "ताई, आता ह्यात माझं नाव कुठं शोधू?" म्हणाले. हसावं की रडावं कळेना. परत काढून दिला, फुकट.

मग कळलं की काळी शाई दोन प्रकारची असते. डाय म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, तो कागदात मुरतोय आणि ओला झाला की पसरतोय. पिगमेंट म्हणजे बारीक कण, ते कागदावर बसून राहतात, वाळल्यावर पाण्यानं फारसं हलत नाहीत. कॅननची जी मालिका, एचपीचे स्मार्ट टँक, ब्रदरची टी मालिका, ह्यांत साधारण काळी पिगमेंट आणि रंगीत डाय अशी जोडी असते. एप्सनमध्ये मॉडेलप्रमाणं बदलतंय, ००१ बाटलीतली काळी पिगमेंट आहे. बॉक्सवर हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतंय, म्हणून दुकानातच एक पान काढायचं, दोन मिनिटं वाळू द्यायचं आणि बोटानं पाण्याचा थेंब टाकून पुसायचं. दुकानदार बघत राहील, राहू दे.

फोटोचं काम जास्त असेल तर डायच बरी, चकचकीत कागदावर तीच खुलते. पण खानापूर, कणकुंबी, चंदगडच्या पावसाच्या पट्ट्यात कागदपत्रांचं काम करणाऱ्यानं पिगमेंट काळ्याशिवाय घेऊ नये, ह्यात मी कुणाचं ऐकत नाही.

४. स्कॅनरची काच मोजा

दुसऱ्या प्रिंटरला मी इथं आपटले. बॉक्सवर "लीगल" लिहिलेलं, मी खूश. घरी आणल्यावर कळलं की लीगल साईज छापता येतोय पण स्कॅन होत नाही, कारण काच ए-४ एवढीच. जुनं खरेदीपत्र काचेवर ठेवलं की खालच्या तीन-चार ओळी बाहेर, आणि सह्या नेमक्या तिथंच! मग दोन तुकड्यांत स्कॅन करा आणि जोडत बसा.

ह्याला उपाय म्हणजे वरती कागद ओढून घेणारा फीडर, ज्याला एडीएफ म्हणतात, तो असलेलं मॉडेल. एप्सन एल ५२९० ला ३० पानांचा आहे, एचपी स्मार्ट टँक ७५० ला ३५ पानांचा. विचारताना नीट विचारा, "फीडरमधून लीगल स्कॅन होतंय काय?" आणि करूनच बघा. फीडर आहे म्हणजे दोन्ही बाजू आपोआप स्कॅन होतात असं नाही, बहुतेकांत एकच बाजू होते, पान उलटून परत घालावं लागतंय.

जुना बाँड पेपर, घडीवर फाटत आलेला उतारा, हे फीडरमध्ये कधीच घालायचं नाही. अडकून टरकन फाटलं तर कागद लोकांचा असतोय, आणि तो परत मिळत नाही. असले कागद काचेवरच, दोन तुकडे झाले तरी चालेल. पिना काढल्याशिवाय तर काहीच घालू नका, फीडरखालच्या काचेवर एका पिनेनं चरा पडला की पुढं फीडरमधल्या प्रत्येक स्कॅनवर उभी रेघ येते.

लीगलचाच दुसरा घोळ. आपल्या बाजारात लीगल म्हणून जी रीम मिळते ती बऱ्याचदा २१५ बाय ३४५ मिलिमीटरची असते, आणि कॉम्प्युटरमध्ये नुसतं लीगल निवडलं की तो अमेरिकेचा साईज धरतोय, २१६ बाय ३५६. अकरा मिलिमीटरचा फरक. मग शेवटची ओळ तुटते नाहीतर प्रिंटर कागदाचा साईज चुकला म्हणून रुसून बसतोय. एप्सन, कॅननच्या ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवायला कॉम्प्युटरवर घालतात ते सॉफ्टवेअर) इंडियन लीगल असा वेगळा साईज दिलेला असतोय, तो निवडायचा. नसेल तर पट्टीनं मोजून स्वतःचा साईज भरायचा. मी हे कळायला दीड वर्ष घालवलं.

५. बाकीच्या सोयी, पटापट

दोन्ही बाजू आपोआप छापणारा घ्या, जमत असेल तर. वर सांगितलं ना कागद शाईपेक्षा महाग, तो इथं वाचतोय. एप्सन एल ४२६० मध्ये ती सोय आहे, एचपी ६७० आणि ७५० मध्ये आहे. वरचा एल ५२९०, त्याला फीडर आहे पण दोन्ही बाजू आपोआप नाही, म्हणजे एक सोय आहे म्हणून दुसरी असेलच असं धरू नका. उलट मोठं बिल-लेजर नसेल, सगळे एकपानी अर्ज असतील, तर ह्या सोयीचे पैसे वाया.

स्पीडचा आकडा बॉक्सवर मोठा असतोय तो विसरा. एप्सन एल ३२५० वर ३३ पानं मिनिटाला लिहिलेलं दिसेल, ते फिकट ड्राफ्टचं, नेहमीच्या क्वालिटीला तोच प्रिंटर काळी १० आणि रंगीत ५ पानं देतोय. छोट्या ऑफिसला तेवढं पुरतंय.

ट्रे. मागून उभा कागद लावायचा की खाली बंद ट्रे? उभ्यात धूळ बसते, आणि आमच्याकडं एकदा पाल शिरली, पुढचं विचारू नका. बंद ट्रेमध्ये कागद दमट पण कमी होतोय. पण जाड कागद, बाँड, लिफाफा मागूनच चांगला जातोय, दोन्ही असलेलं मिळालं तर उत्तम.

वाय-फाय असू दे, लोक व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात आणि मोबाईलवरून डायरेक्ट काढता येतंय. फक्त बरेच असे प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर दोन्ही बँड एकाच नावानं दाखवत असेल तर कधीकधी प्रिंटर सापडत नाही, राउटरवाल्याला सांगून दोन नावं वेगळी करून घ्या. फॅक्स पाहिजे काय म्हणून विचारतील, नको म्हणा.

६. दुकानात जाताना काय न्यायचं

– वहीतला हिशेब, एका चिठ्ठीवर
– पेन ड्राइव्ह, त्यात तीन फायली: एक कन्नड अर्ज, एक मराठी पत्र, एक लीगल साईजचं पान, तिन्ही पीडीएफ करून
– तुम्ही रोज वापरता त्या कागदाची वीस-पंचवीस पानं, ए-४ आणि लीगल दोन्ही
– पट्टी आणि पाण्याची बाटली
– जीएसटी नंबर असेल तर सर्टिफिकेटची कॉपी, आणि ऑफिसचा पिनकोड

दुकानदार नेहमी चकचकीत कागदावर फुलाचा फोटो छापून दाखवतोय. सुंदर येतोय, प्रश्नच नाही. पण फुलं छापून आपलं पोट भरत नाही, आपली फाईल, आपला कागद. बारीक अक्षराचा अर्ज काढा आणि कन्नडमधल्या जोडाक्षरांखाली बारीक वळणं असतात ती शाईनं भरून गेलीत काय ते बघा. मराठीत रफार आणि अनुस्वार बघा.

इथं एक सांगून ठेवते. नुडीत किंवा श्रीलिपीत (कन्नड-मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअर) टाईप केलेली जुनी फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की चौकोन नाहीतर भलतीच इंग्लिश अक्षरं येतात. लोक प्रिंटरला शिव्या घालतात. प्रिंटरचा दोष नाही तो, त्या मशीनवर फॉन्ट नाही. जिथं फॉन्ट आहे तिथंच पीडीएफ करायची. पीडीएफ असूनही अक्षर बिघडत असेल तर प्रिंट करताना इमेज म्हणून छापायचा पर्याय निवडा, थोडा हळू चालतोय पण अक्षर जसंच्या तसं येतंय.

७. बिल, वॉरंटी आणि सर्व्हिस

आपल्याकडचे बरेच जण कोल्हापूरला स्वस्त मिळतंय म्हणून तिकडं जातात. जा, पण जीएसटी नंबर असेल तर बिल करायच्या आधीच बोला. आपला कर्नाटकातला नंबर २९ नं सुरू होतोय, तिकडचा महाराष्ट्राचा २७ नं. काउंटरवर गिऱ्हाईक समजून त्यांनी सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लावला तर तो टॅक्स आपल्याला कर्नाटकात वळता करून घेता येत नाही. १८ टक्के टॅक्स आहे प्रिंटरवर, पाचशे रुपये वाचवायला गेलो आणि हजार घालवले असं व्हायचं. तुमच्या नावानं, तुमच्या २९ च्या नंबरावर, आयजीएसटीचं (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा टॅक्स) बिल देतात काय ते आधी विचारा. नंबरच नसेल तर हा विषय तुमच्यासाठी नाही, भाव बघा आणि घ्या.

वॉरंटी वाचताना दोन गोष्टी बघा. नुसतं वर्ष नसतंय, "वर्ष किंवा इतकी पानं, जे आधी होईल ते" असं असतंय. तुमच्या वहीतल्या रोजच्या पानांना ३०० नं गुणा आणि बघा पुरतंय काय. दुसरं, इंजिनियर ऑफिसात येणार की प्रिंटर उचलून न्यायचा. मी विचारलं तेव्हा दुकानदार "ऐत्री, ऐत्री, सर्व्हिस ऐत्री" (आहे, आहे, सर्व्हिस आहे) म्हणाला, आणि सर्व्हिस होती, पण बेळगावात, आणि प्रिंटर मी मांडीवर घेऊन बसमधून न्यायचा होता. म्हणून दुकानातच कंपनीच्या साईटवर तुमचा पिनकोड घालून बघा, खानापूरला ५९१३०२, निपाणीला ५९१२३७, काय उत्तर येतंय ते मोबाईलवर बघूनच पैसे द्या.

अजून एक विचारा: वाया गेलेली शाई जिथं साठते तो पॅड किंवा बॉक्स आपल्याला बदलता येतोय काय. हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) साफ करताना शाई त्यात जाते, भरला की प्रिंटर बंद पडतोय. काही मॉडेलमध्ये बॉक्स विकत घेऊन स्वतः बसवता येतोय, काहीत सर्व्हिसवाल्याशिवाय होत नाही.

आणि बिघडला तर गुगलवर हेल्पलाईन नंबर शोधून फोन करू नका. कंपनीच्या नावानं खोटे नंबर टाकलेले असतात, ते कॉम्प्युटर ताब्यात घ्यायला लावतात आणि पैसे मागतात. नंबर बॉक्समधल्या वॉरंटी कार्डवरचाच.

८. घरी आणल्यावर

प्रिंटर आडवा, सपाट न्यायचा. शाई भरलेला असेल तर गाडीच्या मागं तिरका बांधून आणू नका. माझ्या भावानं असाच एक मोटरसायकलवर आणला, खानापूर येईपर्यंत त्याची जीन्स मागून अर्धी शाईनं भरलेली. दुकानात डेमोला शाई भरली असेल तर रिक्षा करा.

पहिल्यांदा शाई भरल्यावर प्रिंटर दहाएक मिनिटं घरघरत बसतोय, तेव्हा बंद करायचं नाही, लाईट जायची भीती असेल तर आधी इन्व्हर्टरवर लावा. बाटल्या कंपनीच्याच, निदान वॉरंटी असेपर्यंत. निम्म्या किमतीची लोकल शाई मी घातलेली, तिसऱ्या महिन्यात काळ्यात पांढऱ्या रेघा आल्या आणि हेड साफ करताकरताच अर्धी बाटली गेली.

कागदाची रीम फोडली की उरलेली परत वेष्टणात गुंडाळून कपाटात. जून ते सप्टेंबर उघडी ठेवलेली रीम लाटांसारखी वाकते आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात. दांडेलीच्या मिलचा असो की कुठला, दमट कागद म्हणजे जॅम आलाच. ७५ जीएसएमचा (कागदाच्या जाडीचा आकडा) वापरा, ७० ला दोन्ही बाजू छापलं की मागचं दिसतंय.

ई-स्टँपच्या बाँडवर खालच्या रिकाम्या जागेत मजकूर छापायचा असेल तर आधी साध्या कागदावर काढा, तो बाँडवर ठेवून खिडकीच्या उजेडाला धरा. मजकूर शिक्क्यात घुसत नाही ना बघून मगच खरा कागद घाला. कोरा कागद चुकला तर ६० पैसे जातात, बाँड चुकला तर बाँडचे पैसे.

दर शनिवारी एक नोझल चेकचं पान (हेडची भोकं मोकळी आहेत काय ते दाखवणारं) काढायचं, काम असो नसो. गणपतीत आठवडाभर किंवा दिवाळीत ऑफिस बंद ठेवणार असाल तर मध्ये एकदा येऊन एक रंगीत पान काढून जा, नाहीतर हेडमध्ये शाई वाळते. आणि संध्याकाळी निघताना आधी प्रिंटरचं बटण दाबायचं, त्याचा आवाज थांबला की मग भिंतीवरचं. भिंतीवरचं आधी बंद केलं तर हेड उघडंच राहतंय.